पोपट, गाढव आणि लाकडाची बाई: अकबराच्या चित्रशाळेतल्या गोष्टींच्या पोथ्या कशा पाहाव्यात

चित्रकला महाविद्यालयात शिकवणाऱ्या एका शिक्षिकेनं विचारलं आहे: मुघल चित्रकला म्हटलं की आम्ही विद्यार्थ्यांना दरबार, शिकारी, लढाया आणि बादशहांची व्यक्तिचित्रं दाखवतो. तूतीनामा, अन्वार-ए-सुहैली अशा गोष्टींच्या पोथ्यांवर एखादं वाक्य बोलतो आणि पुढे जातो. या पोथ्यांना खरं तर किती महत्त्व द्यायला हवं? त्यांतल्या गोष्टींना लोककथा म्हणता येईल का? एखादं सुटं पान समोर आलं तर त्यात काय पाहायचं? आणि बाजारात अशी पानं विकायला दिसतात, ती खरी असतात का?

मी जुन्या सचित्र हस्तलिखितांच्या संवर्धनाचं काम करते. त्यामुळे माझं उत्तर कागद, रंग आणि पोथीची बांधणी यांच्या बाजूनं येईल. पण पहिल्या प्रश्नाचं उत्तर आधीच देते: तुमच्या शिकवण्याचा क्रम उलटा करा. गोष्टींच्या पोथ्या आधी दाखवा, दरबार मग. मुघल शैली घडली ती गोष्टींच्या पानांवर. तिथे तयार झालेला हात पुढे दरबाराच्या कामी आला.

सालं पाहिली तरी हे लक्षात येतं. क्लीव्हलँड इथल्या कला संग्रहालयात असलेला तूतीनामा साधारण 1560 ते 1565 मधला. अमीर हम्झाच्या साहसकथांच्या पोथीचं, हम्झानाम्याचं, प्रचंड काम 1562 च्या सुमारास सुरू झालं आणि जवळपास 15 वर्षं चाललं. अन्वार-ए-सुहैलीची, म्हणजे पंचतंत्राच्या फारसी रूपाची, लंडनमध्ये असलेली प्रत 1570 ची. ज्या चित्रांवरून आपण अकबराचा काळ ओळखतो, त्या अकबरनाम्यातल्या लढाया, किल्ल्यांचे वेढे, पिसाळलेले हत्ती हे सगळं त्यानंतरचं, 1580 चं दशक उलटताना आणि 1590 च्या आसपासचं. बाबरनाम्याचं फारसी भाषांतरच मुळी 1589 मध्ये पुरं झालं. म्हणजे चित्रशाळेची पहिली 20-25 वर्षं मुख्यतः गोष्टी रंगवण्यात गेली. अकबर 1556 मध्ये गादीवर बसला तेव्हा तो 13 वर्षांचा होता. तूतीनाम्याची पानं तयार होत होती तेव्हा तो विशीच्या आसपासचा तरुण होता आणि त्याला गोष्टींचं वेड होतं. 1564 मध्ये नरवरच्या बाजूला हत्तींच्या शिकारीवर असताना त्यानं दरबार खान या आपल्या कथेकऱ्याकडून अमीर हम्झाची गोष्ट ऐकल्याची नोंद त्याचा दरबारी इतिहासकार अबुल फजल यानं केली आहे.

तो स्वतः वाचत नसे, ऐकत असे. ऐन-ए-अकबरीत अबुल फजल सांगतो की रोज बादशहापुढे ग्रंथ वाचला जाई, वाचन जिथे थांबेल तिथे बादशहा स्वतःच्या हातानं खूण करी, आणि किती पानं वाचली त्या हिशेबानं वाचणाऱ्याला पैसे मिळत. हे वर्गात जरूर सांगा. ही चित्रं ऐकणाऱ्याच्या डोळ्यांसाठी काढलेली आहेत. कानावर गोष्ट पडते आहे आणि समोर पान उघडं आहे, अशी ती मैफल होती. भिंतीवर टांगून दुरून पाहण्यासाठी त्यांतलं एकही चित्र काढलेलं नाही. संग्रहालयात आपल्याला त्यांतलं काही कळेनासं होतं, त्याचं एक मोठं कारण हेच आहे.

आता तूतीनामा. मैमून नावाचा व्यापारी दूरदेशी निघतो. जाताना बायकोला, खुजस्ताला, सांगून जातो की काही महत्त्वाचं करायचं झालं तर घरातल्या पोपटाला आणि साळुंकीला विचारल्याशिवाय करू नकोस. पुढे खुजस्ताचं मन एका परक्या तरुणावर जडतं. ती साळुंकीला विचारते. साळुंकी तोंडावर सांगते, हे बरं नव्हे. खुजस्ता तिथल्या तिथे तिची मान मुरगळते. पोपट हे सगळं पाहतो आणि शहाणा होतो. तो नाही म्हणतच नाही. जा म्हणतो, फक्त जाण्याआधी अमक्याची गोष्ट तेवढी ऐकून जा. गोष्ट संपेपर्यंत उजाडतं, जाणं राहून जातं. अशा 52 रात्री.

मराठी वाचकाला ही चौकट नवी नाही. मूळ संस्कृत शुकसप्तती, आपल्याकडे शुकबहात्तरी. ती फारसीत गेली, पण पहिलं भाषांतर लांबलचक झालं, म्हणून ते आटोपशीर आणि सुबक करण्याचं काम झियाउद्दीन नख्शबी या सूफी लेखकाकडे आलं. त्याचं मूळ गाव मध्य आशियातलं नख्शब, पण तो येऊन राहिला उत्तरेत बदायूँला. 1330 मध्ये त्यानं तूतीनामा पुरा केला. सत्तरच्या बावन्न गोष्टी झाल्या, काही गाळल्या, काही दुसरीकडून आणल्या. शेवट तर पार बदलला. संस्कृतात नवरा मदन परततो, पोपट रदबदली करतो आणि प्रभावतीचा संसार वाचतो. नख्शबीच्या फारसीत पोपट मैमूनला सगळं सांगतो, मैमून खुजस्ताला ठार करतो आणि स्वतः संसार सोडतो. विद्यार्थ्यांना दोन्ही शेवट सांगा. पोथीतल्या पोपटाच्या चित्रांकडे ते वेगळ्या नजरेनं पाहायला लागतात.

या गोष्टींना लोककथा म्हणावं का? माझं मत: म्हणावं, फक्त त्या थेट चावडीवरून राजवाड्यात आल्या असं समजू नये. मधे पंडित होते, मुन्शी होते, सूफी होते. पंचतंत्राचंच पाहा. ते सहाव्या शतकात इराणात पहलवी भाषेत गेलं, आठव्या शतकात इब्न अल-मुकफ्फानं ते कलीला व दिमना म्हणून अरबीत आणलं, तिथून पुन्हा फारसीत, आणि पंधराव्या शतकाच्या अखेरीला हेरातच्या हुसेन वाइझ काशिफीनं त्याचं अलंकारांनी लडबडलेलं रूप लिहिलं, ती अन्वार-ए-सुहैली. ती भाषा इतकी जड की अकबरानं अबुल फजलला सोपी करून लिहायला लावली. 1588 चं ते अयार-ए-दानिश. त्याच सुमाराला मुस्तफा खालिकदाद अब्बासीनं पंचाख्यान, म्हणजे पंचतंत्राचंच एक रूप, थेट संस्कृतातून फारसीत आणलं. करटक आणि दमनक हे कोल्हे भारतातून निघाले, कलीला आणि दिमना होऊन इराण-अरबस्तान फिरले आणि हजार वर्षांनी लाहोर-आग्र्याला परत आले. एवढा प्रवास करूनही ते कोल्हेच राहिले, ही लोककथेची ताकद आहे.

सिंहासनबत्तिशीचीही एक नोंद मला फार आवडते. अकबराच्या हुकमानं ती 1575 च्या सुमारास बदायूनी या दरबारातल्या इतिहासकारानं फारसीत आणली, तिला खिरद-अफझा असं नाव दिलं. पुढे ही प्रत शाही ग्रंथालयातून नाहीशी झाली. सलीमा सुलतान बेगमला ती वाचायला हवी होती. मागणी झाली आणि बदायूनीच्या मागे तगादा लागला. हे त्यानं स्वतःच लिहून ठेवलं आहे. सलीमा बेगम ही बाबराची नात आणि अकबराची बेगम. म्हणजे विक्रमादित्याच्या बत्तीस पुतळ्यांची गोष्ट जनानखान्यात मागून वाचली जात होती. मराठीतली सिंहासनबत्तिशी सेरामपूरला 1814 मध्ये छापली गेली, आणि ती आपल्या अगदी सुरुवातीच्या छापील पुस्तकांपैकी एक आहे. प्रत्येक दरबाराला आणि प्रत्येक छापखान्याला सुरुवात करताना या गोष्टीच आठवल्या, हे उगीच नाही.

आता चित्रशाळेत चला. हुमायूननं इराणच्या शाह तहमास्पच्या दरबारातून मीर सय्यद अली आणि ख्वाजा अब्दुस्समद यांना बोलावून घेतलं. हे दोघं उस्ताद. त्यांच्या हाताखाली जे चित्रकार आले ते इथलेच होते. पुढच्या पोथ्यांत नावांपुढे गुजराती, ग्वाल्हेरी, लाहोरी, काश्मिरी अशा गावा-प्रांतांच्या खुणा दिसतात. कुणी जैन पोथ्या रंगवणाऱ्या परंपरेत वाढलेला, कुणी सुलतानी दरबारांसाठी काम केलेला, कुणी भिंती रंगवणारा. दसवंत तर पालखी वाहणाऱ्या भोयाचा मुलगा. तो भिंतींवर चित्रं काढत असे. अकबराची नजर त्याच्यावर पडली आणि त्यानं त्याला ख्वाजाच्या हवाली केलं. अबुल फजलनं त्याला आपल्या काळातल्या सर्वश्रेष्ठांत बसवलं आहे. पण पुढे त्याला वेडाचे झटके येऊ लागले आणि 1584 मध्ये त्यानं आत्महत्या केली. दसवंत आणि बसावन या दोघांची नावं क्लीव्हलँडच्या तूतीनाम्यातल्या चित्रांवर आहेत. दोघंही तेव्हा तरुण होते. पुढे हेच दोघं अकबराच्या चित्रशाळेचे खांब झाले.

अशा वेगवेगळ्या हातांच्या माणसांना एकत्र बसवून काय रंगवायला द्यायचं? इतिहास द्यावा तर चेहरे ओळखू यायला हवेत, जागा कुणाची कुठे, मान कुणाचा किती हे चुकून चालत नाही. शाहनामा, म्हणजे इराणी राजांचं महाकाव्य, द्यावा तर इराणी उस्तादांनी प्रत्येक प्रसंगाचा साचा आधीच ठरवलेला. पण वाघाचं कातडं पांघरलेलं गाढव? त्याचं दरबारी नमुनाचित्र ठरलेलंच नव्हतं. चित्रकाराला स्वतःच्या गावातलं गाढव आठवावं लागे. लोककथेनं या माणसांना त्यांच्या ओळखीचं जग उघडपणे दरबारात आणायची मुभा दिली. ओट्यावर बसलेली बाई, गोठा, विहीर, बाज, मडकी, वडाच्या पारंब्या, भुंकणारी कुत्री. इराणी चित्रातल्या नाजूक, सपाट, फुलांच्या बागेत हे सगळं घुसलं. माझ्या मते मुघल शैली म्हणजे हेच घुसणं.

क्लीव्हलँडच्या पोथीत ते अक्षरशः पानापानावर दिसतं. पोथी लहान आहे, पान वीतभर उंचीचं, 20 बाय 14 सेंटिमीटरच्या आसपास. 341 पानांत 218 चित्रं. एवढी चित्रं म्हणजे जवळपास दर तीन पानांमागे दोन. काही चित्रांत माणसं एका बाजूला तोंड करून, मोठे डोळे, टोकदार पदर, मागे लाल किंवा एकरंगी पट्टा. ही जुनी भारतीय पद्धत. काहींत इराणी टेकड्या आणि बारीक झाडं. आणि काहींत अंग गोलसर होऊ लागलेलं, कपड्याला घडी पडलेली, दोन माणसं खरोखर एकमेकांकडे पाहत असलेली. अभ्यासक प्रमोद चंद्र यांनी 1970 च्या दशकात या पोथीचा मोठा अभ्यास केला आणि शैली जन्माला येताना इथे दिसते असं मांडलं. पुढे जॉन सेलर यांनी दाखवलं की यातल्या बऱ्याच चित्रांखाली आधीच्या चित्रांचा थर आहे. आधी वेगळ्या, सुलतानी वळणाच्या पद्धतीनं रंगवलेल्या पानांवर मुघल चित्रकारांनी नव्यानं रंग चढवला. मला या दोन म्हणण्यांत भांडण दिसत नाही. जुन्या चित्रावर नवं चित्र चढवणं हाही शिकण्याचाच भाग आहे. फक्त एवढं, की आता या पोथीतलं एखादं पान दाखवून ‘हा बघा पहिला टप्पा, हा दुसरा’ असं छातीठोक सांगू नये.

एक पान जवळून पाहू. पाचव्या रात्रीची गोष्ट अशी: सुतार, सोनार, शिंपी आणि एक साधू असे चौघं प्रवासाला निघतात. रानात मुक्काम. पाळीपाळीनं पहारा करायचा ठरतं. सुतार आपल्या पाळीत झोप येऊ नये म्हणून लाकडाची एक बाई कोरतो. सोनार आपल्या पाळीत तिच्यासाठी दागिने घडवतो. शिंपी कपडे शिवून तिला नेसवतो. साधू प्रार्थना करतो आणि ती जिवंत होते. सकाळी चौघांचं भांडण, बाई कुणाची? वाटेत जो न्याय करायला भेटतो तोही म्हणतो, ही तर माझीच. शेवटी एका झाडाजवळ येतात, झाड दुभंगतं, बाई त्यात शिरते आणि पुन्हा लाकूड होते. वेताळपंचविशी वाचून मोठ्या झालेल्या कुणालाही या गोष्टीचा वास ओळखीचा वाटेल.

चित्रकारासमोरचा पेच पाहा. गोष्ट आहे वेळेची, एकामागून एक चार पहाऱ्यांची, आणि जागा आहे तळहाताएवढी. त्यानं कुठला क्षण निवडला हा पहिला प्रश्न विद्यार्थ्यांना विचारा. कोरण्याचा, भांडणाचा, की झाड दुभंगण्याचा? मग विचारा, बाकीच्या क्षणांची आठवण त्यानं कशी करून दिली? अवजारं आजूबाजूला पडलेली आहेत का? कोण कुणाकडे हात करतो आहे? मुघल पानात हात फार बोलतात. वर केलेली तर्जनी म्हणजे बोलणं चाललं आहे. तोंडात बोट घातलेला माणूस दिसला की समजायचं, अघटित तिथेच घडतं आहे, आणि त्याच्या नजरेची रेघ धरून गेलात की गोष्टीच्या गाभ्याला पोचता. ही खूण इराणी चित्रांतून आली, पण आपल्याला ती समजावून सांगावी लागत नाही.

दर रात्रीच्या सुरुवातीला खुजस्ता पोपटापाशी येते, तेही चित्र पुन्हा पुन्हा येतं. घर, पिंजरा, पोपट, ती. हे पालुपद आहे. ही चित्रं ओळीनं पाहावीत. चित्रकार बदलला की खुजस्ताची साडी किंवा झगा बदलतो, पिंजऱ्याचा आकार बदलतो, दाराची कमान बदलते, पण मांडणी तशीच. एकाच कामावर वेगवेगळे हात कसे चालतात हे समजून घ्यायला याहून चांगला धडा मला माहीत नाही. क्लीव्हलँडच्या संग्रहालयानं 2019 पासून आपल्या संग्रहातली अशी चित्रं सर्वांना मोकळी करून दिली आहेत, त्यामुळे वर्गात ती मोठी करून दाखवता येतात. डब्लिनच्या चेस्टर बीटी ग्रंथालयात तूतीनाम्याची दुसरी अकबरकालीन प्रत आहे, साधारण 1580 ची. ती शेजारी ठेवा. 15-20 वर्षांत हात किती स्थिरावला ते कुणी न सांगता दिसतं, आणि थोडी हळहळही वाटते, कारण पहिल्या प्रतीतला अवखळपणा दुसरीत कमी झालेला आहे.

हम्झानाम्याचा विषय वेगळा. पैगंबरांचे काका अमीर हम्झा यांच्या नावावर रचल्या गेलेल्या साहसकथा, त्यांत राक्षस, पऱ्या, जादूगार आणि उमर अय्यारसारखे बहुरूपी. 1400 चित्रं, सुती कापडावर, एकेक साधारण 68 बाय 52 सेंटिमीटर. मजकूर पाठीमागे कागदावर. एवढ्या मोठ्या आकाराचं कारण बहुधा हेच, की कथेकरी सांगत असताना चित्र समोर धरलं जाई आणि अनेकांना दिसे. पिंगुळीच्या ठाकरांची चित्रकथी ज्यांनी पाहिली आहे त्यांना ही पद्धत डोळ्यांसमोर आणणं जड जाणार नाही. यातली 200 च्या आतच चित्रं आज शिल्लक आहेत, त्यातली 60 व्हिएन्नात. 1881 मध्ये श्रीनगरला काही चित्रं सापडली ती घराच्या खिडक्या झाकायला वापरलेली होती. तिथून ती लंडनच्या संग्रहालयात गेली. ओल, ऊन आणि धूर यांनी त्यांचे रंग कुठे कुठे पार उडाले आहेत. काही चित्रांतले चेहरे कुणीतरी मुद्दाम घासून पुसले आणि नंतर दुसऱ्या कुणी ते पुन्हा रंगवले. अशा चेहऱ्यावरून शैलीबद्दल मत बनवू नका, शरीर आणि कपडे पाहा.

प्राण्यांबद्दल थोडं थांबून सांगायला हवं, कारण इथे या गोष्टींचं ऋण सर्वांत मोठं आहे. आपण जहांगीरच्या काळच्या मन्सूर या चित्रकाराचं कौतुक करतो, त्याचे पक्षी, त्याचा झेब्रा. पण प्राण्याकडे एवढ्या बारकाईनं पाहायची सवय त्याआधी अन्वार-ए-सुहैलीच्या पानांवर लागली. या गोष्टींत प्राणी बोलतात, कारस्थानं करतात, पस्तावतात. चित्रकारानं त्याला माणसाचा चेहरा दिला तर गोष्ट पोरकट होते. नुसता प्राणी काढला तर गोष्ट कळत नाही. मधली वाट म्हणजे प्राणी अगदी खरा काढायचा आणि त्याच्या मानेच्या, कानांच्या, पंजाच्या ठेवणीत मनातलं आणायचं. अकबराचा चित्रकार मिस्कीन यात सर्वांत पुढे. ब्रिटिश म्युझियममध्ये 1590 च्या दशकातलं एक चित्र आहे, खडकावर बसलेला कावळा खाली जमलेल्या पशूंच्या सभेपुढे बोलतो आहे. त्यातला प्रत्येक प्राणी ऐकतो आहे, पण प्रत्येकाचं ऐकणं निराळं आहे. वर्गात हे एकच चित्र अर्धा तास पुरतं.

अन्वार-ए-सुहैलीची 1570 ची प्रत फक्त 27 चित्रांची, पण नजाकत मोठी. 1596 ची लाहोरला तयार झालेली प्रत वाराणसीच्या भारत कला भवनात आहे. जहांगीरसाठी केलेली प्रत 1610-11 मध्ये पुरी झाली, त्यात 36 चित्रं, आणि ती लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहे. मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयातही अकबरकालीन अन्वार-ए-सुहैलीची पानं आहेत. तुमच्या विद्यार्थ्यांना परदेशी जायची गरज नाही. शहाजादा सलीमनं अलाहाबादला असताना 1603-04 मध्ये राजकुँवर ही हिंदवी प्रेमकथेवरची पोथी रंगवून घेतली. पण तो जहांगीर झाल्यावर हळूहळू सगळा भर सुट्या चित्रांच्या मुरक्क्यांवर, म्हणजे चित्रसंग्रहांच्या वह्यांवर, आणि व्यक्तिचित्रांवर गेला. गोष्टींच्या पोथ्यांचे दिवस सरले.

पान हातात किंवा काचेखाली आलं की मी कोणत्या क्रमानं पाहते ते सांगते. आधी चित्र नाही, मजकूर. मजकुराच्या ओळी चित्राच्या वर आहेत की खाली, की दोन्हीकडे? कातिब, म्हणजे मजकूर लिहिणारा, आधी लिहून चित्रासाठी जागा सोडत असे, त्यामुळे चित्रकाराला मिळालेली जागा ही दुसऱ्यानं ठरवलेली होती. त्या चौकटीबाहेर एखादं झाड, घुमट किंवा घोड्याचं डोकं गेलं आहे का, ते पाहा. मग समास. खालच्या समासात बारीक अक्षरात नावं असतात, विशेषतः 1580 नंतरच्या पोथ्यांत. त्यांत तरह कुणाची, म्हणजे मांडणी आणि रेखाटन कुणाचं, आणि अमल कुणाचा, म्हणजे रंगकाम कुणाचं, ते लिहिलेलं असतं. कधी तिसरं नाव, चेहरे काढणाऱ्याचं. ही नावं ग्रंथालयाच्या कारकुनांनी लिहिली, चित्रकारांच्या सह्या नव्हेत. पुन्हा बांधणी करताना समास कापले गेले की नावं गेली, म्हणून इतकी चित्रं आज बेनावी आहेत.

शक्य असेल तर पानाची पाठ पाहायला मागा. त्या काळचा घोटीव कागद खळ लावून अकीकाच्या दगडानं घासून गुळगुळीत केलेला असे. आपल्याकडच्या जुन्नरी किंवा दौलताबादी कागदाचं दफ्तर कुणी हाताळलं असेल तर त्या घोटाईचा स्पर्श माहीत असेल. चित्र काढताना आधी बारीक रेघा, मग सफेद्याचा पातळ हात, पुन्हा रेघा, मग रंगांचे थर, आणि मधे मधे पान पालथं घालून पाठीमागून घोटणं. त्यामुळेच रंगाला ती मीनाकामासारखी झळाळी येते. हिंगुळाचा लाल आणि सोनं शतकानुशतकं टिकतात. त्रास देतो तो जंगाल, म्हणजे तांब्यापासून केलेला हिरवा. तो कागद खातो. समोरून हिरवळ छान दिसते आणि पाठीमागे नेमक्या त्याच आकाराचा तपकिरी डाग असतो, कधी कागद तडकून तुकडाच गळतो. पोपटासाठी मात्र पुष्कळदा पिवळा हरताळ आणि नीळ मिसळून केलेला हिरवा वापरत, तो कागदाला जंगालासारखा जाळत नाही. कधी कधी झाडं जळालेली आणि पोपट ताजा, असं पान दिसतं ते यामुळे.

आता बाजार. जयपूर, उदयपूर, दिल्ली, मुंबई, सगळीकडे ‘जुनं मुघल पान’ म्हणून जे दाखवतात त्यातलं बहुतेक सगळं असं असतं: कागद जुना, म्हणजे एखाद्या फारसी-उर्दू पुस्तकाचं किंवा हिशेबाच्या वहीचं शंभरेक वर्षांपूर्वीचं पान, आणि चित्र अलीकडे काढलेलं. ओळखायची पहिली खूण, रंग अक्षरांवरून गेला आहे का? जुन्या पोथीत अक्षरं आणि चित्र आपापल्या जागी असतात, चित्र मजकुरावर चढत नाही. दुसरी, मजकूर वाचून घ्या. पोपट आणि बाईचं चित्र, आणि मजकूर जमिनीच्या व्यवहाराचा, असं असेल तर निकाल लागला. तिसरी, भिंगाखाली पाहा: खऱ्या कामात पापणी, केस, कापडाची किनार या रेघा खारीच्या केसाच्या कुंचल्यानं, दाब कमी-जास्त होत ओढलेल्या असतात, नक्कल असेल तर रेघ एकसारखी, घाईची. हे काढणारे कारागीर हुशार असतात आणि त्यांच्या कामाला कामाची किंमत जरूर द्यावी, पण ते सोळाव्या शतकाचं म्हणून घेऊ नये.

आणि घरात खरोखर जुनं पान निघालं तर? भारतात 1972 च्या पुरावशेष कायद्याखाली 75 वर्षांहून जुनं, ऐतिहासिक किंवा कलात्मक मोलाचं हस्तलिखित पुरावशेष ठरतं. सचित्र हस्तलिखितांची नोंदणी करावी लागते आणि खासगी व्यक्तीला ते देशाबाहेर नेता येत नाही. नोंदणीआधी एवढं करा: पान प्लास्टिकच्या पिशवीतून बाहेर काढा, आम्लरहित कागदात ठेवा, उन्हापासून आणि ट्यूबलाइटपासून लांब. चिकटपट्टी लावू नका, लॅमिनेशन तर मुळीच नको. रंगाचे पापुद्रे सुटत असतील तर पान उभं न धरता सपाट पुठ्ठ्यावर ठेवून न्यावं, आणि साफ करण्यासाठी ओला बोळा कधीही फिरवू नये, कारण हे रंग डिंकात कालवलेले असतात आणि पाण्याचा हात लागला की आधी तेच सुटतात.